डर्ट बाइकचा गिअर झटपट कसा टाकावा?

लांबलचक चढ, पायाखाली भुसभुशीत माती आणि पहिल्या गिअरमध्ये किंचाळणारे इंजिन. आता दुसरा गिअर टाकायलाच हवा. तुम्ही मूठ बंद करता, क्लच दाबता, पायाने लिव्हर उचलता, क्लच सोडता, मूठ पुन्हा पिळता... आणि गाडी दम टाकते. दोन गचके खाऊन इंजिन बंद पडते. आता त्या चढावर सव्वाशे किलोचे धूड उभे धरायचे, की वळवून खाली न्यायचे, हा प्रश्न.

असे झाले की बहुतेकजण गाडीच्या ताकदीला दोष देतात. खरा घोटाळा पुष्कळदा त्या एका सेकंदात झालेला असतो. रस्त्यावरच्या मोटारसायकलीला गिअर बदलायला एक सेकंद लागला तर काही बिघडत नाही, ती डांबरावर आपल्या वेगात घरंगळत राहते. माती, वाळू आणि चढ मात्र असली उधारी देत नाहीत. म्हणून डर्ट बाइकवर गिअर झटपट टाकता येणे हे शर्यतीतल्यांचे मिरवायचे कसब नसून चढावर अडकू नये म्हणून लागणारी गोष्ट आहे. हे कसब कसे कमवायचे ते पाहू. त्याआधी पेटीच्या आत काय चालते ते समजून घेऊ, कारण ते कळले की निम्मा सराव वाचतो.

एका सेकंदाची किंमत

चढ २० अंशांचा आहे असे धरा. मूठ बंद केल्यावर गुरुत्वाकर्षण दर सेकंदाला सुमारे ३.४ मीटर प्रतिसेकंद एवढा वेग खाते. मातीचा आणि टायरचा विरोध वेगळा, तो या हिशेबात धरलेलाच नाही.

तुम्ही ताशी २५ किमी वेगाने, म्हणजे सेकंदाला ६.९ मीटर चढत आहात. गिअर बदलायला पूर्ण एक सेकंद लागला तर वेग उरतो ताशी सुमारे १३ किमी. तेच काम ०.२ सेकंदात झाले तर उरतो ताशी साडेबावीस किमी.

आता इंजिनाच्या बाजूने पाहा. पहिल्या गिअरमध्ये ताशी २५ किमीला इंजिन मिनिटाला ५४०० फेरे घेत होते असे समजा. एका २५० सीसी गाडीला शोभतील अशी पाच गिअरांची गुणोत्तरे आपण उदाहरणासाठी घेऊ: २.१४, १.७५, १.४५, १.२३ आणि १.०४. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना फेरे १.७५ भागिले २.१४, म्हणजे सुमारे ०.८२ पट होतात. वेग तसाच राहिला असता तर इंजिन ४४०० वर आले असते. झटपट गिअर टाकणाऱ्याचे इंजिन ४००० वर येते आणि तिथून ते गाडी ओढू शकते. एक सेकंद घेणाऱ्याचे इंजिन येते २३०० वर. तिथे या जातीच्या इंजिनात चढ ओढण्याइतका जोर नसतो. गाडी दम टाकते ती यामुळे.

वाळूत सपाटीवरही हेच घडते. आखातात राहणाऱ्या वाचकांना ते सांगायला नको. वाळूत मूठ बंद होताच गाडी जणू कोणी मागून धरल्यासारखी मंदावते, पुढचे चाक रुतू लागते आणि हँडल हातात नाचू लागते.

पेटीच्या आत

मोटारसायकलच्या गिअरपेटीत दोन समांतर शाफ्ट असतात. एकाला क्लचमार्फत इंजिनाची ताकद मिळते. दुसऱ्याच्या टोकाला पुढचे स्प्रॉकेट असते आणि तिथून चेनने मागचे चाक फिरते. पाच गिअरांच्या गाडीत या दोन शाफ्टांवर दातेरी चक्रांच्या पाच जोड्या असतात.

गिअर टाकला की एक चक्र सरकून दुसऱ्याच्या दातांत जाऊन बसते, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात पाचही जोड्यांचे दात कायम एकमेकांत अडकलेलेच असतात. प्रत्येक जोडीतले एक चक्र आपल्या शाफ्टबरोबरच फिरते आणि दुसरे आपल्या शाफ्टवर मोकळे फिरत असते. त्या मोकळ्या चक्राला शाफ्टशी जखडणे म्हणजे गिअर टाकणे.

जखडायची युक्ती साधी आहे. शाफ्टवर आडवे सरकू शकणाऱ्या चक्राच्या कुशीला जाडजूड खुंट्या असतात आणि शेजारच्या मोकळ्या चक्रात त्या बसतील अशा खाचा असतात. खुंट्या खाचेत शिरल्या की दोन्ही चक्रे एक होऊन फिरतात. या खुंट्यांना मेकॅनिक 'डॉग' म्हणतात. आपण खुंट्याच म्हणू.

चक्र सरकवायचे काम फोर्क करतात आणि फोर्कना हलवतो एक ड्रम. या ड्रमवर नागमोडी चर कोरलेले असतात. ड्रम एक पायरी फिरला की चरांच्या वळणानुसार एक फोर्क सरकतो, एक गिअर सुटतो आणि पुढचा बसतो. ड्रमच्या टोकाला चांदणीसारखी चकती असते आणि तिच्या खाचेत स्प्रिंगने दाबलेला छोटा रोलर बसतो. पायाला जी 'टक्' जाणवते ती या रोलरची.

तुमचा पाय ड्रमला थेट फिरवत नाही. मध्ये एक खटका असतो. लिव्हर एकदा उचलली की ड्रम एकच पायरी फिरतो आणि लिव्हर मध्यावर परत आल्याशिवाय खटका पुढची पायरी पकडत नाही. पायाने चालणारी ही 'एका दाबात एकच गिअर' पद्धत ब्रिटनच्या व्हेलोसेट कंपनीच्या रेसच्या गाड्यांवर १९२० च्या दशकाच्या अखेरीस आली. तिचे श्रेय त्या कंपनीच्या हॅरोल्ड विलिस यांना दिले जाते. त्यापूर्वी बहुतेक गाड्यांवर टाकीशेजारच्या दांडीने, हात सोडून, गिअर टाकावा लागे. खडबडीत रस्त्यावर एक हात सोडून गाडी चालवायची कल्पना करून पाहा!

या रचनेतून दोन गोष्टी आत्ताच लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

पहिली: गिअर पडल्यावर पाय लिव्हरपासून दूर झालाच पाहिजे. बूट लिव्हरखाली किंचित टेकलेला राहिला तर लिव्हर मध्यावर येत नाही आणि पुढचा गिअर 'पडत नाही'. शिवाय फोर्कवर सतत दाब राहून तो झिजतो.

दुसरी: न्यूट्रल ही पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमधली अर्धी पायरी आहे. पहिल्यातून दुसरा टाकताना बिचकत अर्धवट उचललेली लिव्हर न्यूट्रलमध्ये अडकते. म्हणून ही एक उचल नेहमी पूर्ण हवी. आणि शक्यतो चढाला भिडण्यापूर्वी, सपाटीवरच, दुसरा गिअर टाकलेला असावा. सर्वांत झटपट गिअर तो, जो चढावर टाकावाच लागत नाही.

ताकद कुठे लावायची?

गिअर पटकन पडत नाही म्हटले की नवशिका लिव्हरला जोरात लाथ घालतो. त्याने बूट झिजतो आणि कधीकधी फोर्क वाकतो, गिअर मात्र पडेलच असे नाही. त्याचे कारण खुंट्यांच्या घडणीत आहे.

इंजिन गाडी ओढत असते तेव्हा खुंटीची एक बाजू खाचेच्या भिंतीवर पूर्ण जोराने दाबलेली असते. खुंट्यांच्या कडा किंचित तिरक्या, आतल्या बाजूला कललेल्या कापलेल्या असतात. त्यामुळे जितका भार जास्त तितकी खुंटी खाचेत अधिक घट्ट ओढली जाते. ही रचना मुद्दाम केलेली आहे, नाहीतर भर वेगात गिअर निसटला असता. पण त्यामुळेच भाराखाली असलेली खुंटी पायाच्या जोराने बाहेर येत नाही.

मूठ एकदम पूर्ण बंद केली तर काय होते? आता चाक इंजिनाला फिरवू लागते. भार उलटतो आणि खुंटीची दुसरी बाजू दुसऱ्या भिंतीवर दाबली जाते. म्हणजे पुन्हा अडकली!

या दोन अवस्थांच्या मधे एक क्षण असतो, जेव्हा भार शून्यातून जातो. त्या क्षणी खुंटी दोन्ही भिंतींपासून मोकळी असते आणि लिव्हर बोटाने ढकलावी इतक्या हलकेपणी सरकते. वर जाताना गिअर टाकण्याची सगळी कला या एका क्षणाला पकडण्यात आहे.

मग तो क्षण पकडायचा कसा? माणसाच्या पायाला तो 'दिसत' नाही आणि तो आला हे कळून पाय हलवेपर्यंत निघूनही जातो. यावर अनुभवी चालक सोपा तोडगा काढतात. ते आधीच लिव्हरला खालून हलका दाब देऊन ठेवतात. भार असेपर्यंत लिव्हर हलत नाही. मग मूठ जराशी सैल करून त्याच वेळी क्लचला नुसता टिचका दिला की भार उतरतो आणि आधीच दाबाखाली असलेली लिव्हर आपण होऊन 'टक्' करते. वेळ साधायचे काम पेटीनेच केले. हा दाब गिअर बदलण्याच्या जेमतेम अर्धा सेकंद आधी द्यायचा, पाय कायम तिथे टेकवून ठेवायचा नाही. वर सांगितलेली फोर्कची झीज आठवा.

क्लचबद्दलही थोडे. क्लचची दांडी हँडलपर्यंत दाबायची गरज नसते. क्लच सुटायला लागतो त्या बिंदूच्या थोडे पलीकडे गेले की पुरे. एक किंवा दोन बोटे क्लचवर आणि बाकीची मुठीवर, अशी पकड ठेवली की हात आपोआप पूर्ण दाबत नाही आणि खडबडीत वाटेवर हँडलही हातातून सुटत नाही.

क्लच अजिबात न वापरता वरचा गिअर टाकता येतो का? येतो. मूठ सैल करूनही भार शून्यावर येतोच. शर्यतीच्या गाड्यांवरचे क्विकशिफ्टर हेच करते: लिव्हरवरचा दाब ओळखून इंजिनाची ठिणगी क्षणभर तोडते. पण मूठ आणि पाय यांचा मेळ पक्का नसेल तर खुंट्यांच्या कडा एकमेकींवर आपटून गोलसर होतात आणि मग भार आला की गिअर निसटू लागतो. शिकताना क्लचचा टिचका स्वस्त पडतो.

झटपट म्हणजेच मऊ

'हळू टाकला की गिअर मऊ पडतो' असे आपल्याला वाटते. हिशेब उलटे सांगतो.

दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ९००० फेऱ्यांवर आहे. तिसऱ्यात त्याच वेगाला ते १.४५ भागिले १.७५ पटीने, म्हणजे सुमारे ७४५० फेऱ्यांवर हवे. मधल्या काळात इंजिनाला साधारण १५५० फेरे उतरायचे आहेत. डर्ट बाइकचे एकच सिलिंडर असलेले इंजिन हलके असते, मूठ बंद होताच त्याचे फेरे झरझर उतरतात. ते ७४५० च्या आसपास असतानाच क्लच सुटला तर दोन्ही बाजूंचा वेग जुळलेला असतो आणि गचका बसत नाही. तुम्ही सेकंदभर रेंगाळलात तर फेरे पार खाली गेलेले असतात. मग क्लच सोडताच चाकाला ते इंजिन ओढून वर आणावे लागते आणि तुम्ही हँडलवर आदळता.

म्हणजे प्रत्येक बदलाला एक योग्य वेळ आहे: इंजिनाला तेवढे फेरे उतरायला लागतो तेवढा. डर्ट बाइकच्या गिअरांत अंतर कमी असते, म्हणून ही वेळही लहान असते.

पाच हालचालींचे एक तिरकिट

वरचा गिअर टाकताना पाच हालचाली होतात: मूठ सैल, क्लच आत, लिव्हर वर, क्लच बाहेर, मूठ परत. नवशिका त्या एकामागून एक करतो. प्रत्येकीला ०.२ सेकंद धरले तरी झाला एक सेकंद. कोणतीही एक हालचाल वेगवान करून फार फायदा होत नाही. वेळ वाचतो तो हालचाली एकमेकींवर चढवल्याने: मूठ आणि क्लच एकदमच, लिव्हर आधीच दाबात, क्लच सुटता सुटता मूठ परत.

अडचण अशी की हे विचार करून जमत नाही. पायाच्या नसांतून निघालेला संदेश मेंदूपर्यंत पोचायला सुमारे ०.०४ सेकंद लागतात आणि स्पर्श जाणवून मुद्दाम काही करायला साधारण ०.१५ सेकंद. 'लिव्हर हलली का? हलली. मग आता क्लच सोडू,' अशी साखळी केली तर ०.२ सेकंदात पाच हालचाली बसणे शक्यच नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅशली यांनी १९५१ साली नेमका हाच मुद्दा मांडला होता. वादकाची बोटे इतक्या भरभर चालतात की प्रत्येक आघाताची जाणीव पुढच्या आघाताला हुकूम देते असे म्हणता येत नाही. सबंध क्रम मेंदूत आधीच रचलेला असला पाहिजे.

ज्यांनी लहानपणी तबल्याच्या क्लासला दोन-चार वर्षे घालवली आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. 'तिरकिट' सुरुवातीला चार सुटे आघात असतात: ति, र, कि, ट. काही महिन्यांनी तो एकच शब्द होतो आणि हात तो शब्द 'बोलतो'. गिअरचे तसेच आहे. पाच हालचालींचे एक तिरकिट व्हायला हवे.

पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर यांनी १९६७ साली कसब शिकण्याचे तीन टप्पे सांगितले: आधी डोक्याने समजून करणे, मग चुका गाळत हालचाली जुळवणे आणि शेवटी लक्ष न देता होणे. तिसरा टप्पा आला की लक्ष वाटेसाठी मोकळे होते. खरी सुरक्षितता तिथे आहे. गिअरचा विचार करणारा चालक समोरचा दगड उशिरा पाहतो.

खाली उतरताना

खालचा गिअर टाकताना गणित उलटते. तिसऱ्यातून दुसऱ्यात जाताना ५००० फेऱ्यांवरचे इंजिन सुमारे ६०३० वर हवे. ते आपोआप वर जात नाही. नुसता क्लच सोडला तर मागच्या चाकाला ते काम करावे लागते, आणि भुसभुशीत मातीवर चाक ते न करता घसरते किंवा फटफट उड्या मारते.

म्हणून क्लच आत असतानाच मुठीला एक छोटी रेस द्यायची, लिव्हर खाली दाबायची आणि क्लच सोडायचा. टिचका न देता क्लच थोडा घसरवत सोडला तर उरलेला फरक तो गिळतो. ब्रेक चालू असताना रेस देणे सुरुवातीला अवघड वाटते. उजव्या हाताचे एक बोट ब्रेकवर आणि बाकी हाताने मूठ, ही सवय सपाटीवर वेगळी करून घ्यावी. दोन-तीन गिअर एकदम खाली न टाकता एकेक टाकावा आणि वळण सुरू होण्याआधी ते काम संपवावे.

बूट आणि लिव्हर

मोटोक्रॉसचे बूट घोट्यात ताठ असतात. रस्त्यावर आपण घोटा वाकवून गिअर टाकतो, इथे ते जमत नाही. त्याऐवजी गुडघ्यातून अख्खा पाय किंचित उचलायचा. उभे राहून चालवताना पावलाचा मधला भाग फूटपेगवर असतो. गिअर टाकण्यापुरते पाऊल पुढे सरकवायचे, बुटाचे टोक लिव्हरखाली घालायचे, उचलायचे आणि परत मागे यायचे. वजन क्षणभर उजव्या पायावर गेले नाही तर डावा पाय मोकळा होत नाही. उभ्याने गिअर न पडण्याचे हे सर्वांत साधे कारण असते.

लिव्हरची उंचीही तपासा. ती एका दातेरी दांड्यावर एका बोल्टने बसवलेली असते. बोल्ट काढून एक दाता वर किंवा खाली बसवता येते. बसून चालवायला सोयीची उंची उभ्याने चालवताना कमी पडते. बूट घालून, उभे राहून, टोक सहज लिव्हरखाली जाते की नाही ते पाहा. दोन डॉलरच्या पान्याचे काम आहे, पण महिनाभराच्या सरावाइतका फरक पडतो.

जुन्या सवयींचे भांडण

आपल्यातले बरेचजण महाराष्ट्रात स्प्लेंडरवर गाडी शिकले. तिचे चारही गिअर पुढे दाबून पडतात: पुढून दाबले की वरचा, टाचेने मागून दाबले की खालचा. डर्ट बाइकवर पहिला खाली आणि बाकीचे सगळे वर. म्हणजे जी हालचाल पुण्याच्या रस्त्यावर 'वरचा गिअर' होती तीच इथे 'खालचा गिअर' आहे! ज्यांनी जुनी बुलेट चालवली त्यांचा तर गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात होता. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या मध्यात संघीय सुरक्षा नियमाने गिअर डावीकडे आणि मागचा ब्रेक उजवीकडे ठरवून टाकला तो असलेच गोंधळ टाळण्यासाठी.

जुने कसब पुसले जात नाही. घाई झाली की ते आधी वर येते. चढावर घाबरून पुढे दाबलात तर दुसऱ्याऐवजी तिसरा अपेक्षित असताना पहिला पडेल. उपाय एकच: नव्या हालचालीची इतकी आवर्तने करणे की घाईतही तीच आधी यावी. सुट्टीत गावी जाऊन स्प्लेंडर चालवून परत आलात तर पहिली दहा मिनिटे सपाटीवरच घालवा.

सराव: ठाय, दुगुन, चौगुन

*ठाय.* गाडी स्टँडवर, मागचे चाक हवेत, इंजिन बंद. एका हाताने चाक हळूहळू फिरवत दुसऱ्या हाताने लिव्हर हलवा. चाक थांबलेले असताना गिअर कित्येकदा पडत नाही, जरा फिरवले की पडतो. खुंटी आणि खाच समोरासमोर यावी लागते, ते इथे हाताला कळते. चालू इंजिनावर हा प्रयोग करू नका, चेनमध्ये बोटे जातात.

*दुगुन.* शंभर मीटरची सपाट, मोकळी जागा. बसून, फक्त दुसरा ते तिसरा आणि परत दुसरा. दहा आवर्तने, मग दोन मिनिटे विश्रांती. वेगाच्या मागे लागू नका, गचका जाण्याच्या मागे लागा. मग तेच उभ्याने.

*चौगुन.* आता क्रम मोडा. कधी दुसरा-तिसरा-चौथा, कधी चौथ्यावरून दुसऱ्यावर, कधी वळणाआधी, कधी नंतर. १९७९ साली जॉन शी आणि रॉबिन मॉर्गन यांनी हाताच्या हालचाली शिकवताना पाहिले की मिसळून सराव करणारे सरावाच्या वेळी मागे पडतात, पण नंतरच्या परीक्षेत एकसुरी सराव करणाऱ्यांना मागे टाकतात. म्हणून या टप्प्यावर चुका वाढल्या तर हिरमुसू नका.

शेवटी सौम्य चढ, आणि तोही ज्याच्या पायथ्याशी मोकळी जागा आहे असा.

तबल्यात लय वाढवताना बोल अस्पष्ट झाले तर गुरुजी परत ठायीत आणतात. इथेही तेच: गचके परत येऊ लागले की एक लय खाली या.

रोज किती? ब्रिटनमध्ये टपाल कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवताना बॅडली आणि लाँगमन यांनी १९७८ साली नोंदवले की दिवसाला एकच तास शिकणाऱ्यांना एकूण तास कमी लागले, चार तास शिकणाऱ्यांना जास्त. गंमत म्हणजे एक तासवाल्यांचे समाधान सर्वांत कमी होते, कारण त्यांना दिवस जास्त लागले. आपली डर्ट बाइक शनिवारीच बाहेर निघते हे खरे. पण त्या शनिवारी सलग तीन तास गिअरच घोटण्यापेक्षा वीस-वीस मिनिटांचे तीन तुकडे करा, मधे नुसते फिरा.

फोनने मोजा

प्रगती होते आहे की नुसते वाटते आहे, हे कानाने कळत नाही. पण फोनने कळते. फोन जॅकेटच्या खिशात ठेवून आवाज ध्वनिमुद्रित करा आणि घरी संगणकावर ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रणालीत लाटांचे चित्र उघडा.

चार स्ट्रोकच्या एका सिलिंडरच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक स्फोट होतो. म्हणून मिनिटाच्या फेऱ्यांना १२० ने भागले की सेकंदाचे स्फोट मिळतात: ५४०० फेऱ्यांना ४५. चित्रात सुळके सुमारे २२ मिलिसेकंदांच्या अंतराने दिसतील. दोन स्ट्रोकच्या गाडीत भागायचे ६० ने. गिअर बदलताना सुळके बसके होतात आणि मूठ परत पिळताच पुन्हा उंच होतात. या दोन्हींमधले अंतर म्हणजे तुमचा वेळ. दहा बदलांची सरासरी काढा आणि त्यांतला सर्वांत मोठाही लिहून ठेवा. चढावर घात करतो तो सर्वांत वाईट बदल, सरासरी नव्हे.

मुलांना बरोबर घेऊन हा प्रयोग केलात तर वारंवारतेचा धडाही होऊन जाईल.

दोष गाडीचा असेल तर?

सराव करूनही गिअर अडत असेल तर आधी हे पाहा. क्लचच्या तारेत ढिलाई जास्त असेल तर दांडी पूर्ण दाबूनही क्लच सुटत नाही. उभ्या गाडीत न्यूट्रल सापडत नाही ही त्याची खूण. ढिलाई मॅन्युअलमध्ये दिली असेल तेवढीच ठेवा. तेल जुने झाले की गिअर खरखरतो. ओल्या क्लचच्या गाडीत 'जॅसो एमए' शिक्का असलेलेच तेल घाला. घर्षण कमी करणारी द्रव्ये असलेल्या मोटारीच्या तेलाने क्लच घसरू लागतो. आणि मूठ पिळताच एकच ठरावीक गिअर वारंवार निसटत असेल तर खुंट्या गोल झाल्या असण्याची शक्यता मोठी. ते काम पेटी उघडल्याशिवाय होत नाही.

हेल्मेट, बूट आणि छातीचे संरक्षण घालून, आणि एकटे न जाता, सराव करा. कॅलिफोर्नियात असाल तर हॉलिस्टर हिल्ससारख्या सरकारी मैदानांवर नवशिक्यांसाठी सोप्या वाटा असतात. अमेरिकेत मोटारसायकल सेफ्टी फाउंडेशनचा डर्ट बाइकचा वर्ग एका दिवसाचा असतो आणि तिथे उभे राहून चालवणे पहिल्यापासून नीट शिकवतात.

पुढच्या शनिवारी एकच गोष्ट करून पाहा: गिअर बदलण्याच्या अर्धा सेकंद आधी लिव्हरला हलका दाब द्या, आणि मग क्लचला फक्त टिचका मारा. 'टक्' किती अलगद होते ते पायालाच कळेल.